दिवाळी फेलोशिप, पोलीस निरीक्षकांचं भाषण, आणि पोलीस स्टेशनला सोबत कोण येणार?

कृष्णाकाठची मनीषा | २६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.१०

काल आमच्या रोटरी क्लबची दिवाळी फेलोशिप, म्हणजे स्नेहमेळावा, झाला. दरवर्षी फराळ, गाणी, मुलांचे डान्स असाच कार्यक्रम असतो, यंदा बोर्डाने ठरवलं की पाहुणा वक्ता बोलवायचा आणि तोही पोलीस खात्यातला, कारण आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला नवरात्रात व्हिडिओ कॉलवर घाबरवून तिची एफडी मोडायला लावली होती आणि तेव्हापासून क्लबमधल्या सगळ्यांच्याच घरी आईवडिलांची काळजी सुरू झालीय. तर शहर पोलीस स्टेशनचे पीआय साहेब आले. अध्यक्षांनी घंटा वाजवली, फोर वे टेस्ट, म्हणजे रोटरीची चार प्रश्नांची आचारसंहिता, म्हणून झाली, आदल्या दिवशी वर्ल्ड पोलिओ डे झाला म्हणून पोलिओवर पाच मिनिटं, आणि मग साहेब बोलायला उभे राहिले.

सुरुवात त्यांनी फसवणुकीपासून केलीच नाही. म्हणाले यंदा लक्ष्मीपूजन आणि पोलीस स्मृतिदिन एकाच दिवशी आले, २१ ऑक्टोबरला. १९५९ साली त्या तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात सीआरपीएफचे १० जवान शहीद झाले, तेव्हापासून देशभर हा दिवस पाळतात. सकाळी परेड ग्राउंडवर मानवंदना आणि संध्याकाळी सराफ पेठेत बंदोबस्त, असा त्यांच्या माणसांचा लक्ष्मीपूजनाचा दिवस गेला. आमच्या हॉलमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. मला ते फार लागलं. आपण रात्री नऊला पूजा करून फटाके वाजवत होतो आणि त्याच पेठेच्या कोपऱ्यावर दोन मुली वर्दीत उभ्या होत्या, त्यांना मी स्वतः पाहिलं होतं.

मग घरफोडीवर बोलले. सुट्टीत गावाला जाताना कुलूप लावतो ते बाहेरून दिसतं, त्यापेक्षा आतून कडी घालून मागच्या दाराने निघता येत असेल तर बघा, दूध-पेपर बंद करा, शेजाऱ्याला दारातलं पत्रक उचलायला सांगा, आणि स्टेटसला रेल्वेचे फोटो परत आल्यावर टाका. सीसीटीव्हीबद्दल एक गोष्ट सांगितली ती मला नवीन होती. चोर आता डीव्हीआरचा डबाच उचलून नेतात. कॅमेरे चार असतात पण रेकॉर्डिंग ज्यात होतं तो डबा टीव्हीखाली उघड्यावर, त्यामुळे तपासाला हाती काहीच लागत नाही. तो माळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात ठेवा आणि एक तरी कॅमेरा रस्त्याच्या दिशेने असू द्या.

सायबरवर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, कुठलाही पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे 'तपासणीसाठी' मागवत नाही. तरी गेलेच पैसे तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन. तिथे काय विचारतात तेही त्यांनी सांगितलं, ते मी लिहून घेतलं: कुठल्या खात्यातून गेले, किती, किती वाजता, आणि ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर. हा नंबर बँकेच्या मेसेजमध्ये असतो, घाबरून तो मेसेज डिलीट करू नका. तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकेकडे जाते आणि पैसे अजून त्या खात्यात असतील तर तिथेच होल्ड होतात. पण ते पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे पळवत नेतात, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. उद्या सकाळी मुलाला विचारून करू म्हटलं की गेले.

टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. आणि मग प्रश्नोत्तरांत एका मेंबरच्या सासूबाई उभ्या राहिल्या, पंच्याहत्तरीच्या असतील. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगता ते सगळं पटतं, पण मला पोलीस स्टेशनची पायरी चढायचीच भीती वाटते. आत गेल्यावर कुणाशी बोलायचं, कुठे बसायचं, काही कळत नाही. यांचं पाकीट मारलं तेव्हा आम्ही दोघं दारातनं परत आलो."

हॉल एकदम गप्प झाला. साहेबांनी ते टाळलं नाही. म्हणाले आजी, ठाणे अंमलदार म्हणून जो टेबलाशी बसतो त्याला भेटायचं, आणि नाही कुणी ऐकलं तर हा माझा मोबाईल नंबर घ्या. सगळ्यांनी नंबर सेव्ह केला. चांगला माणूस आहे, यात शंका नाही.

पण मला रात्रभर तेच डोक्यात राहिलं. साहेबांची बदली होणार, नंबर बदलणार, आणि आजी परत दारातनंच फिरणार. आम्ही एवढे चाळीस-पन्नास माणसं गाडीघोडे असलेली, आमच्यातले दोनजण आजींबरोबर गेले असते तर त्या परत आल्या असत्या का? सेवा करणारा क्लब म्हणवतो तर ही सेवा का नको? वक्ता बोलवणं सोपं आहे. मला असं वाटतं की क्लबने एक 'सोबत' गट करावा, म्हणजे आठवड्याला दोन मेंबर ठरलेले, कुणा ज्येष्ठाला किंवा एकट्या बाईला पोलीस स्टेशनला, बँकेत जायचं असेल तर फोन करायचा आणि त्यांनी बरोबर जायचं. नोव्हेंबरच्या बोर्ड मीटिंगमध्ये मी हे मांडणार आहे. त्याआधी इथे जाणकारांना विचारायचंय: बरोबर गेलेल्या माणसाला काय माहिती हवी, आणि कुठे अडेल?

रोखठोक | सकाळी ९.४८

ताई कल्पना चांगली आहे पण एक स्पष्ट बोलतो. क्लबवाले बोलवतात तेव्हा साहेब हसून बोलतात, त्याच साहेबांकडे साधा कामगार तक्रार द्यायला गेला की तीन तास बाकावर. माझ्या भावाचा मोबाईल बसमध्ये चढताना खिशातून मारला, स्टेशनला सांगितलं चोरी लिहू नका गहाळ लिहा म्हणजे लवकर दाखला मिळेल. त्याला सिम पाहिजे होतं, त्याने गहाळ लिहिलं. म्हणजे चोरी झालीच नाही कागदावर. हे सगळीकडे चालतं आणि भाषणात कुणी यावर बोलत नाही. तुमच्या गटाने फक्त क्लबच्या मेंबरांच्या सासूबाईंना सोबत द्यायची असेल तर मला त्यात रस नाही, झोपडपट्टीतल्या बाईलाही द्यायची असेल तर मी गावात येऊन मदत करीन.

कृष्णाकाठची मनीषा | सकाळी १०.०५

@रोखठोक, सगळ्यांनाच. त्यात दुसरा विचारच नाही. मेंबरांच्या घरी कुणी ना कुणी वकील ओळखीचा असतोच, ज्याला कुणी नाही त्याच्यासाठीच हे करायचं. तुमचा गहाळवाला मुद्दा मी लिहून घेतलाय, यावर काय करायचं ते वकील मंडळींनी सांगावं.

अॅड. शिरीष | सकाळी ११.२०

गहाळ आणि चोरी यावर आधी. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात एफआयआरचं कलम १७३. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती दिली तर पोलिसांनी नोंदवायचीच, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. मोबाईल चोरला तर चोरी, हातातून हिसकावला तर आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत आता हिसकावणं हा वेगळा गुन्हाच आहे, कलम ३०४. एक पाचर मात्र आहे, पाच हजारांच्या आतली चोरी नवीन कायद्यात अदखलपात्र धरलीय, त्यामुळे बिल किंवा बॉक्स बरोबर न्या, किंमत दिसली पाहिजे. आणि तक्रारदाराने स्वतःच्या तोंडाने "हरवला असेल" म्हणू नये. खिशातून काढला हे माहीत असेल तर तेच सांगायचं, आणि सही करण्याआधी लिहिलेलं वाचून घ्यायचं. बरोबर गेलेल्या माणसाचं निम्मं काम इथेच आहे, शांतपणे वाचून दाखवणं.

हद्दीचा वाद घालत असतील तर झिरो एफआयआर. हद्द कुठलीही असो, नोंद करून पुढे पाठवायची, हे आता संहितेतच लिहिलंय. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, पैसे मागायचा प्रश्न नाही. घेतच नसतील तर त्याच कलमात पुढचा रस्ता आहे, एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. पोस्टाची पावती जपून ठेवा. एक मात्र समजून घ्या, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना नवीन कायद्याने दिलीय, तेव्हा प्रत्येक वेळी "थांबा चौकशी करतो" म्हणजे टाळाटाळच असं नाही.

आणि आजींसाठी एक महत्त्वाचं. साक्षीदार म्हणून जबाबाला स्त्रीला, किंवा ६० वर्षांवरच्या पुरुषाला, घर सोडून दुसरीकडे बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. कलम १७९. हे कुणालाच माहीत नसतं, म्हातारी माणसं रिक्षा करून जातात.

हवालदाराची लेक | दुपारी १२.३६

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे बाबा एएसआय, म्हणजे सहाय्यक उपनिरीक्षक, म्हणून रिटायर झाले. लहानपणी आमच्याकडे दिवाळी बाबांच्या ड्युटीवर ठरायची, पाडवा कधी दुपारी कधी दुसऱ्या दिवशी, गणपतीत तर विसर्जन होईपर्यंत ते घरी दिसायचेच नाहीत. बारा तासांची ड्युटी म्हणायची आणि ती सोळा तास व्हायची. मुंबईत २०१६ ला देवनार पोलीस स्टेशनमध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, पडसलगीकर साहेब आयुक्त होते, आणि त्याची कल्पना एका साध्या अंमलदाराने मांडली होती, याचं आमच्या लाइनीत किती कौतुक झालं होतं सांगू. पण माणसं कमी पडतात, बंदोबस्त लागला की आठाचे परत बारा.

हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. @रोखठोक यांच्या भावाला जे झालं ते चूकच. पण ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बसून बघा एकदा. फोन वाजतोय, वायरलेस चालू आहे, एकाच वेळी नवराबायकोचं भांडण, अपघाताचा पंच शोधायचा, कोर्टाचं समन्स, वरून स्टेशन डायरीची नोंद. त्यात एक आजी दारात उभी राहते आणि काही न बोलता परत जाते, ती त्याला दिसतही नाही. तिच्याबरोबर कुणीतरी असतं आणि ते म्हणालं असतं "साहेब यांचं पाकीट मारलंय, आम्ही बसतो, तुमचं झालं की घ्या", तर बाबांसारख्या माणसाने तिला खुर्ची देऊन चहा मागवला असता. मनीषाताई, तुमचा गट पोलिसांनाही मदतीचाच आहे, हे बोर्डात जरूर सांगा. फक्त एक करा, बरोबर जाणाऱ्याने स्वतःचा रुबाब नको दाखवायला. 'मी अमक्या क्लबचा' म्हणून आवाज चढवला की समोरचा आखडतो.

निवृत्त शाखाधिकारी | दुपारी २.१५

बँकेच्या बाजूने थोडं. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. पण डिजिटल अरेस्टच्या केसमध्ये ग्राहकाने स्वतः पैसे पाठवायचा आरटीजीएस फॉर्म भरून दिलेला असतो, तिथे हे परिपत्रक तोकडं पडतं. त्यामुळे अडवायचं ते काउंटरवरच. नेहमी पेन्शन काढणारी बाई अचानक एफडी मोडायला येते, फोन कानाला, विचारलं तर म्हणते "घरच्या कामासाठी", डोळ्यात डोळे घालून बोलत नाही. आम्ही अशा वेळी मुद्दाम साहेबांच्या केबिनमध्ये पाणी प्यायला बसवायचो आणि घरच्यांचा नंबर मागायचो. ते फोनवरचे लोक ठासून सांगतात की बँकेत कुणाला बोललीस तर मुलालाही अटक होईल, म्हणून ती बोलत नाही, हे स्टाफने ओळखायला हवं. तुमच्या गटाने गावातल्या सगळ्या शाखांत, पतसंस्थांतसुद्धा, कॅशियर मंडळींबरोबर अर्धा तास बसावं. पोस्टाला विसरू नका, म्हाताऱ्यांचे पैसे पोस्टातच जास्त असतात.

होल्ड झालेले पैसे आपोआप परत येत नाहीत, बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो. तिथे परत माणूस एकटा पडतो आणि कंटाळून सोडून देतो. सोबत तिथपर्यंत हवी.

अॅड. शिरीष | दुपारी ३.०२

शाखाधिकारी साहेबांनी नेमकं बोट ठेवलं. त्या अर्जाला मोठा वकील लागत नाही, तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मदत मिळते, स्त्रियांना तर उत्पन्नाची अट नाही. आणि जाता जाता, याच महिन्यात १७ तारखेला सुप्रीम कोर्टाने डिजिटल अरेस्टची स्वतःहून दखल घेतलीय. अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दांपत्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, त्यांना चक्क सुप्रीम कोर्टाच्या नावाचे खोटे आदेश दाखवून कोटीच्या वर रक्कम काढून घेतली होती. पत्र लिहिलं म्हणून दखल झाली, हे आजींना नक्की सांगा.

लेस्टरकर | संध्याकाळी ५.४०

मी इंग्लंडमध्ये असतो, इथेही रोटरी, लायन्स आहेत आणि दिवाळीला आमच्या बेलग्रेव्ह रोडवर प्रचंड गर्दी असते. इकडे आणीबाणीला ९९९ आणि बाकीच्याला १०१ असे दोन नंबर आहेत, आणि पीसीएसओ म्हणून माणसं असतात, २००२ च्या कायद्याने आणलेली. त्यांना नेहमीच्या पोलिसाइतके अधिकार नाहीत, पण ती त्याच गल्लीत पायी फिरतात आणि म्हाताऱ्या लोकांना नावाने ओळखतात. माझ्या आईला मराठी आणि गुजराती सोडून काही येत नाही तरी तिला आपल्या भागातली ती बाई माहीत आहे. तिकडे बीट अंमलदार असतोच ना? त्यालाच तुमच्या मीटिंगला बोलवा. पीआय साहेब मोठे, पण आजींच्या गल्लीत फिरणारा तो आहे.

भिवंडीचा | रात्री ८.२५

लेस्टरकर बरोबर बोलले. आमच्याकडे हे घडलेलं आहे म्हणून लिहितो. १९८४ ला भिवंडीत जी दंगल झाली ती माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिली. नंतर सुरेश खोपडे साहेब डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. गल्लीतले हिंदू-मुसलमान, यंत्रमागवाले, पानवाले, आणि त्या भागातला साधा पोलीस यांना एकत्र बसवलं, अध्यक्ष कुणी मोठा पुढारी नाही तर बीटचा पोलीसच. डिसेंबर ९२-जानेवारी ९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेली भिवंडी शांत राहिली. यात भाषण नव्हतं हो, दर महिन्याला बसणं होतं. गटार तुंबलं, कुणाच्या मुलाने दारू पिऊन दगड मारला, असल्या बारीक गोष्टी. पण त्यातून पोलिसाला माणसं कळली आणि माणसांना पोलीस कळला. ते साहेब गेल्यावर किती कमिट्या कागदावर राहिल्या हा वेगळा विषय, पण ज्या गल्लीत लोकांनी धरून ठेवली तिथे अजून एकमेकांचे नंबर आहेत. मनीषाताई, माणूस बदलला तरी चालू राहायचं तर ते क्लबच्या हातात ठेवा, साहेबांच्या नको.

कृष्णाकाठची मनीषा | रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. @हवालदाराची लेक, तुमची पोस्ट मी आमच्या अध्यक्षांना वाचून दाखवली. रुबाबाचं तुम्ही म्हणालात ते आम्ही लिहूनच ठेवणार, क्लबचं बॅज लावून जायचं नाही.

आता बोर्डापुढे असं मांडतेय. बीट अंमलदारांना डिसेंबरच्या साध्या मीटिंगला बोलवायचं, हार-तुऱ्यांशिवाय, आणि त्यांच्या भागातल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी त्यांच्याबरोबर बसून करायची. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन, त्या आठवड्यात पोलीस स्टेशनला शाळेची मुलं बघायला नेतात, तर त्यांच्याबरोबर आजी-आजोबांनाही न्यायचं. ठाणे अंमलदाराचं टेबल कुठे, महिला कक्ष कुठे, तक्रार नसताना एकदा बघून आलं की भीती निम्मी होईल असं मला वाटतं. बँका आणि पोस्ट यांची जबाबदारी आमच्या ट्रेझररनी घेतलीय, ते स्वतः बँकेतून रिटायर झालेत. विधी सेवा समितीला पत्र मी लिहिते. आणि रोट्रॅक्टची, म्हणजे रोटरीच्या तरुण गटाची, मुलं रात्रीच्या फोनसाठी तयार आहेत, १९३० लावून देणं आणि यूटीआर नंबर शोधून देणं हे ती आपल्यापेक्षा पटकन करतात.

@रोखठोक, कामगार वस्तीत आम्हाला ओळख नाही. तुम्ही येणार म्हणालात, खरंच याल का? आणि भावाच्या मोबाईलचं आता काही होऊ शकतं का शिरीषजी?

अॅड. शिरीष | रात्री १०.१५

होऊ शकतं. गहाळ दाखल्याची प्रत आणि बिल घेऊन नव्याने लेखी अर्ज द्या, चोरी कशी झाली, कुठल्या थांब्यावर, कुठली बस, सगळं लिहा. मोबाईलचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक केला नसेल तर आधी तो करा, गहाळ दाखल्यावरही होतो. मला मेसेज करा, अर्जाचा मसुदा देतो. मनीषाताईंच्या गटालाही कोरा नमुना करून देतो, मोठ्या अक्षरात.

रोखठोक | रात्री १०.३१

येतो. रविवारी सुट्टी असते मला, रविवार लावा. शिरीष साहेब मेसेज केलाय, बिल भावाकडे आहे, आयएमईआय बॉक्सवर आहे. ब्लॉक केला नव्हता, आत्ता बसून करतोय.